एका ताटापुरता जिताडा: कोलकात्याच्या पातुरीची पद्धत

रायगड जिल्ह्यातील खारेपाटात, विशेषतः पेण व अलिबागकडे, घराशेजारच्या तळ्यात वाढवलेला जिताडा हा पाहुणचाराचा मासा समजला जातो. तो चांगला वाढल्यावर बाहेर काढतात आणि बहुधा अख्खाच विकतात. घरात खाणारी दहा माणसे असतील तेव्हा हे सोयीचेच. परंतु शहरातील सदनिकेत एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ किंवा नोकरीसाठी परगावी खोली घेऊन राहणारी तरुणी यांनी दोन-अडीच किलोंचा मासा घ्यावा कसा? अशी माणसे अंडी उकडून वेळ भागवतात, नाहीतर बाहेरून तळलेले काही मागवतात. त्यांच्या आहारातून मासा जातो आणि उत्पादकाच्या हातून ग्राहक.

हाच मासा कोलकात्यात ‘भेटकी’ या नावाने विकला जातो आणि तेथे तो एकट्याच्या ताटातही सहज पोहोचतो. त्याचे पहिले कारण बाजारातच दिसते. गरियाहाट किंवा मानिकतला येथील मासळीबाजारात विक्रेता बोटीवर, म्हणजे आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यावर, ग्राहकासमोर मासा कापून देतो. मोठ्या रोहू-कटल्याचे काप ‘काटा पोना’ या नावाने वजनावर मिळतात. पाठीचा तुकडा (गादा) हवा की पोटाचा (पेटी), हेही सांगता येते. भेटकीचा काटे काढलेला काप, म्हणजे फिले, हवा तेवढाच घेता येतो. एका माणसाला १५० ग्रॅमचा एक काप पुरतो.

दुसरे कारण पाककृतीत आहे. पातुरी हे नाव ‘पाता’ म्हणजे पान यावरून आले आहे. मोहरीचे वाटण लावलेला मासा केळीच्या पानात बांधून तव्यावर, वाफेवर किंवा भट्टीत शिजवतात. प्रत्येक पुडीत एकच काप असल्याने ही पाककृती मुळातच एकेका माणसाच्या मापाची आहे. पारशी घरांतील पात्रा नी मच्छी तिची जवळची नातलग म्हणावी लागेल. रायगडातील पोपटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना पाल्याच्या आडून मिळणाऱ्या मंद उष्णतेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. भेटकीत चरबी कमी असते. असा मासा उघडा भाजल्यास लवकर कोरडा पडतो. पान त्याच्या अंगचा ओलावा आतच राखते.

कृती अशी. सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा १५० ग्रॅमचा काप धुऊन कोरडा टिपावा आणि त्यास मीठ, हळद व थोडा लिंबाचा रस लावून दहा मिनिटे ठेवावा. दोन चमचे पिवळी व एक चमचा काळी मोहरी थंड पाण्यात वीस मिनिटे भिजवून हिरवी मिरची व चिमूटभर मीठ घालून वाटावी. त्यात दोन मोठे चमचे ओला खोबरा-कीस आणि दोन लहान चमचे मोहरीचे तेल मिसळावे. केळीच्या पानाची जाड शीर काढून पान आचेवर फिरवावे. ते मऊ पडते आणि घडी घालताना फाटत नाही. कापाच्या दोन्ही बाजूंस वाटण लावून पुडी बांधावी.

छोटी विजेची भट्टी २०० अंशांवर तापवून घ्यावी. लाल भोपळ्याच्या फोडी तेलाचा हात लावून ट्रेमध्ये आधी ठेवाव्यात, कारण त्यांना तीसेक मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांनी त्याच ट्रेमध्ये पुडी ठेवावी आणि आणखी पंधरा ते अठरा मिनिटे भाजावे. कापाच्या जाड भागात काटा घातल्यावर मांस पांढरे, अपारदर्शक दिसून पदर सुटू लागले की मासा शिजला. तापमापक असल्यास आतील तापमान ६३ अंश असावे. भट्टी नसल्यास झाकण ठेवलेल्या तव्यावर मंद आचेत प्रत्येक बाजूस सात-आठ मिनिटे पुरतात. सोबत वाटीभर भात घेतला की जेवण पूर्ण झाले, आणि घासायला भांडीही मोजकीच उरतात.

मोहरीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण अनेकांची पातुरी येथेच बिघडते. कोरड्या दाण्यात झणका नसतो. दाणा फुटून पाण्याशी संयोग झाल्यावर त्यातील विकर तिखट द्रव्य मोकळे करते. गरम पाण्यात हे विकर निकामी होते, म्हणून भिजवण्यास थंड पाणीच घ्यावे. वाटण फार वेळ फिरवल्यास ते कडवट होते. काळ्या मोहरीचे प्रमाण कमी ठेवण्यामागेही हेच कारण आहे.

भेटकीच्या नावाखाली बासा विकला जाणे ही कोलकात्यातही जुनी डोकेदुखी आहे. साल काढलेल्या फिलेत फरक ओळखणे अवघड जाते. बासाचे मांस अधिक मऊ व पाणीदार असते, पण तेवढ्यावरून खात्री होत नाही. सोपा उपाय म्हणजे एका बाजूची साल ठेवूनच काप मागणे. बासा मार्जारमीनांच्या गटातला असल्याने त्याला खवले नसतात. भेटकीच्या सालीवर खवल्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

पोषणाचा हिशेब थोडक्यात. १५० ग्रॅम मासळीतून सुमारे २५ ते ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढास दररोज प्रतिकिलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. त्यातील निम्मा वाटा एका जेवणात येतो, तोही दोन-तीन लहान चमचे तेलात.

आता उत्पादकांकडे वळू. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले, तेव्हापासून या माशाचे बीज केवळ खाडीच्या भरवशावर राहिलेले नाही. विक्रीची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. काप विकू इच्छिणाऱ्याने एक गणित आधी मांडावे. अख्ख्या माशातून काटेविरहित मांस निम्म्याहूनही कमी निघते, त्यामुळे फिलेचा दर अख्ख्या माशाच्या दुपटीहून अधिक लावला तरी तो वाजवीच असतो, आणि नवा ग्राहक तेथेच बिचकतो. म्हणून सुरुवात काट्यासह आडव्या कापांनी करावी. त्यात वाया कमी जाते आणि दर आवाक्यात राहतो. पातुरीसाठी असा कापही चालतो, फक्त खाताना काटे सांभाळावे लागतात. डोके टाकून देऊ नये. कोलकात्यात माशाची डोकी वेगळी विकली जातात, त्यांचा तांदूळ घालून मुडीघंटो करतात. आपल्याकडे ती कालवणात जातील.

कापलेला मासा अख्ख्यापेक्षा लवकर खराब होतो, कारण मांसाचा अधिक भाग हवेच्या व हातांच्या संपर्कात येतो. पाते व फळी प्रत्येक माशानंतर धुवावी. जेवढे मासे तेवढाच बर्फ, हे प्रमाण आपल्या हवेत पाळावेच लागते. मात्र काप थेट बर्फात न ठेवता पिशवीत बंद करून ठेवावेत, अन्यथा वितळलेले पाणी मांसात मुरते. घरी आणलेला काप शीतकपाटाच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. उरलेले मोहरीचे वाटण मात्र ठेवून देण्यात अर्थ नाही. त्याचा झणका रात्रीतून ओसरतो.