भिंतीआडची भाषा : हनोईतील युद्धकैद्यांचा शब्दव्यवहार

बंदिवासातील वाङ्मयाचा विचार करताना आपण बहुधा सुटकेनंतर लिहिलेल्या आठवणींपाशी थांबतो. प्रत्यक्ष कोठडीत, कागद-लेखणीवाचून भाषा कशी टिकते आणि माणसास कशी टिकविते, हा प्रश्न त्यामुळे मागे राहतो. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी वैमानिकांचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांपैकी एव्हरेट अल्वारेझ ऑगस्ट १९६४ मध्ये पकडले गेले आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये सुटले.

हनोईच्या ह्वा लो तुरुंगात (फ्रेंचांनी तो व्हिएतनामी राजबंद्यांसाठी वापरला होता, हा इतिहासाचा उपरोधच!) बंद्यांना परस्परांशी बोलण्याची सक्त मनाई होती. १९६५ साली कार्लाइल हॅरिस यांनी प्रशिक्षणकाळात कानावर पडलेली एक ठोक्यांची लिपी सहबंद्यांना शिकविली. रोमन वर्णमालेतील ‘के’ गाळून उरलेली २५ अक्षरे पाच ओळी व पाच स्तंभांत मांडावयाची. भिंतीवर आधी ओळीचे, मग स्तंभाचे ठोके द्यावयाचे. ‘देव तुझे भले करो’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची केवळ आद्याक्षरे, जी-बी-यू, कळविण्यास सोळा ठोके पडत. निरोप घेताना ती आवर्जून दिली जात. इतक्या महागड्या भाषेत पाल्हाळास जागा नव्हती. तरीही आशीर्वाद वगळला गेला नाही, हे लक्षणीय आहे.

स्मरणाची कथा याहून निराळी. डग्लस हेगडाल या तरुण खलाशास पहारेकरी मंदबुद्धी समजत. त्याने अडीचशेहून अधिक बंद्यांची नावे एका बालगीताच्या चालीवर मुखोद्गत केली आणि १९६९ मध्ये सुटल्यावर ती मायदेशी सांगितली. ओवीच्या अभ्यासकास चालीचे हे सामर्थ्य नवे वाटणार नाही.

परंतु या व्यवहाराचे मर्म मला अन्यत्र दिसते. छळापुढे कधीच न वाकणारा वीर ही प्रतिमा येथे अपुरी पडते. चार वर्षांहून अधिक काळ एकांतकोठडीत काढलेले जेम्स स्टॉकडेल यांना पुरते ठाऊक होते, की प्रत्येकाची सहनशक्ती कोठेतरी संपते. जबरीने कबुलीजबाब दिलेला बंदी कोठडीत परते तेव्हा लज्जेने भिंतीपासून दूर राही. शेजारी मात्र ठोके देतच राहत. अखेर तो आपली शरणागती अक्षराअक्षराने सांगे आणि पलीकडून उत्तर येई, की आम्हीही यातून गेलो आहोत. येथे धैर्य म्हणजे हे सांगणे आणि ते ऐकून घेणे होय.

जॉन बोरलिंग यांनी याच कैदेत मनात रचलेल्या व ठोक्यांनी सहबंद्यांपर्यंत पोहोचविलेल्या कविता २०१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. छापील पानावर त्या क्षणात वाचून होतात. मूळ श्रोत्यास मात्र प्रत्येक शब्दासाठी, भिंतीस कान लावून, थांबावे लागले होते.