आज्ञा आणि ऐकणे

ईश्वराच्या आज्ञेत राहून निष्ठेने जगणे हे ख्रिस्ती जीवनाचे मुख्य लक्षण मानले जाते. परंतु मराठीत ‘आज्ञापालन’ हा शब्द उच्चारताच राजा, पिता, पती, गुरू अशा अधिकारी व्यक्ती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ‘आज्ञाधारक’ हे विशेषण तर अर्जाच्या तळाशी सही करणाऱ्या नम्र सेवकाचीच आठवण करून देते. मराठी ख्रिस्ती लेखकांच्या चरित्रांत मात्र याच्या उलट दृश्य दिसते. ज्यांनी आपले जीवन ईश्वराच्या आज्ञेला वाहिले, तीच माणसे मानवी अधिकारापुढे वाकण्यास नकार देताना आढळतात. ही विसंगती खरी आहे की ती केवळ शब्दाच्या निवडीने निर्माण झाली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

हिब्रू बायबलातील ‘शामा’ या धातूचा मूळ अर्थ ऐकणे असा आहे. आज्ञा मानणे हा त्याचाच विस्तार होय. नव्या करारातील तदर्थक ग्रीक शब्दही ऐकण्याच्या क्रियेवरूनच बनला आहे. मराठीला हा अर्थविस्तार अपरिचित नाही. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा ती त्याच्या कानांविषयी तक्रार करीत नसते. आज्ञेला देणाऱ्याचा अधिकार पुरतो. ऐकण्याला ऐकणाऱ्याचे अवधान लागते. शिवाय एकाच्या वतीने दुसऱ्याला ऐकता येत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी ठरविलेले निमूटपणे स्वीकारावे, ही अपेक्षा रमाबाईंनी त्यात वारंवार नाकारली. एका पुरोहितवर्गाच्या बंधनातून सुटलेल्या स्त्रीला दुसऱ्याचे बंधन ईश्वराच्या नावानेही मान्य नव्हते. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबल उतरविले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही मध्यस्थावाचून ऐकता यावे, ही त्या अनुवादामागील प्रेरणा होती.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी, पण दिशा तीच. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे दोन दशके अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत काम केले. १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. ‘दरबार’ हा शब्द सत्तेचाच. परंतु येथे राजा एकच असल्यामुळे उरलेले सारे समान ठरतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपली आज्ञा मानणाऱ्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. भक्तिपरंपरेत वाढलेल्या टिळकांच्या अभंगांत सेवकाचे भय कमी आणि मित्राची सलगी अधिक दिसते, ते या अर्थाशी सुसंगतच आहे.

ही केवळ महाराष्ट्रातील घटना नव्हे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात १९०४ मध्ये आलेले सी. एफ. अँड्र्यूज यांनी इंग्रज प्राचार्याची अपेक्षा बाजूला सारून सुशीलकुमार रुद्र यांच्या नावाचा आग्रह धरला आणि १९०६ मध्ये रुद्र प्राचार्य झाले. १९१४ मध्ये तर अँड्र्यूज दिल्लीतील मिशनच सोडून शांतिनिकेतनाकडे वळले. टिळकांप्रमाणेच त्यांनीही संस्था सोडली. ख्रिस्त सोडला नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो. प्रत्येकाने स्वतःच ऐकावयाचे, तर ईश्वराचा आवाज कोणता आणि आपल्याच हट्टाचा कोणता, हे कसे ओळखावे? या प्रश्नाची खरी धग टिळकांच्या काव्यात नव्हे, तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त जाणवते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत पतीच्या धर्मांतराचा आघात, ताटातूट आणि लहान मुलासह काढलेले दिवस आले आहेत. टिळकांच्या आज्ञापालनाचे मोल प्रथम ज्या व्यक्तीने दिले, तिला त्या निर्णयात काहीच स्थान नव्हते. ही गोष्ट कोणत्याही श्रद्धेने झाकली जाऊ नये, आणि लक्ष्मीबाईंनी ती झाकलेली नाही.

तथापि त्या पतीची आज्ञा म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहीत. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ सांभाळले. जातिभेद देवाने केलेला नाही, ही जाणीव त्यांना त्यांच्याच विचारातून झाली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले, तेही स्वतःच्या शैलीत.

आक्षेपाचे संपूर्ण उत्तर यातून मिळत नाही. कसोटी मात्र मिळते. ज्याने ईश्वराचे ऐकले असे तो म्हणतो, त्याच्याजवळ दुसऱ्याच्या ऐकण्याला किती जागा उरते, हे पाहावे. टिळकांना ही जागा धर्मांतराच्या क्षणी सुचली नाही. पुढे पत्नीच्या सोवळ्याला त्यांच्या घरात स्थान मिळाले, आणि ‘दरबारा’त तर बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही. अशी जागा न ठेवणारी निष्ठा कितीही कडक असली, तरी तिला आज्ञापालन म्हणता येईल, ऐकणे म्हणता येणार नाही.