सॉसेज भरण्याचा घरगुती सोऱ्या : निवड आणि निगा

वसंतातील व्याख्यानांसाठी जमणाऱ्या श्रोत्यांना वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व विषय ऐकण्याची सवय असते. पण स्वयंपाकघरातील यंत्राला या व्यासपीठावर जागा क्वचितच मिळते. आजचा विषय तसा आहे. तो निवडण्याचे कारण म्हणजे गिरगावातील खोताची वाडी. सांगायचे आहे ते मांसाच्या सॉसेजविषयी; परंतु ज्यांच्या घरात मांस शिजत नाही त्यांनीही उठून जाऊ नये. यातील निम्मे विवेचन त्यांच्या फडताळातील चकलीच्या सोऱ्यालाही लागू आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू ज्ञातीतील एका खोताने ही जमीन तुकड्यातुकड्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली, आणि त्याच्या हुद्द्याचे नाव वाडीला चिकटले. लाकडी जिने, पुढचे सोपे, उतरती कौले असलेली ही घरे. पूर्वी ती पासष्टच्या आसपास होती; आज निम्म्याहून कमी उरली आहेत. वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर धोबी तलावाच्या जेर महालात गोव्याच्या गावोगावचे क्लब आहेत. या टापूत गोव्याचे 'चोरीस' अपरिचित राहिले असते तरच नवल. पोर्तुगीज 'शोरिसू'चे हे कोंकणी रूप. पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवण्याच्या बेगमीला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात, आणि चोरिसांची माळ ही त्या बेगमीतली मानाची वस्तू. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात, तोच हा हंगाम आणि तोच हा हिशेब.

आता यंत्राकडे वळू. सॉसेज भरण्याचे यंत्र म्हणजे मोठा सोऱ्याच होय. नळकांडे, त्यात खाली सरकणारा दट्ट्या आणि पुढे तोंड, एवढेच त्याचे अवयव. सोऱ्याच्या तोंडाशी चकती असते, येथे लांब नळी असते. त्या नळीवर धुतलेले आतडे मोज्यासारखे चढवायचे आणि दट्ट्या दाबला की मिश्रण त्यात भरत जाते.

सोऱ्या मोठा केला की काम लवकर होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे गणित आडवे येते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते. दहा सेंटिमीटर व्यासाचे सुमारे ७८. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. नळीतून मिश्रण बाहेर ढकलण्यास जो दाब लागतो तो क्षेत्रफळाच्या दर एककामागे लागतो. म्हणून मोठ्या दट्ट्यावर हाताने चौपट जोर लावावा लागेल. साध्या सोऱ्यावर चकलीचे घट्ट पीठ दाबताना ज्यांचे तळहात लाल झाले आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. यावर उपाय दोन : आटे किंवा दंतचक्रे. मूठ पुष्कळ फिरवायची, दट्ट्या थोडा सरकतो. वेळ जास्त लागतो, जोर कमी लागतो. पितळी सोऱ्याला आटे पाडणाऱ्या तांबटाला हे तत्त्व केव्हाच उमगले होते.

बाजारात मिळणारे प्रकार पाच. पहिला, रुंद तोंडाचे नरसाळे आणि आपला अंगठा. दुसरा, हातात धरून दाबण्याची पिचकारी. हिच्यात अर्धा-पाऊण किलो मावते. तिसरा, खिमा करण्याच्या यंत्राला लावण्याची नळी. चौथा, वाकड्या शिंगाच्या आकाराचा ओतीव लोखंडी, दांडा दाबून चालवण्याचा. पाचवा, दंतचक्रांचा उभा सोऱ्या, ज्याची मूठ बाजूला असते.

यातला कोणता घ्यावा हे यंत्राकडे पाहून ठरत नाही. आपण काय भरणार आणि वर्षाला किती भरणार यावर ठरते. गोव्याच्या चोरिसात मांसाचा खिमा नसतो, बारीक फोडी असतात. मिरची, लसूण, आले, मिरे, दालचिनी, हळद, मीठ आणि माडाचा शिरका यांत त्या मुरवलेल्या असतात. फोडी सेंटिमीटरभर असल्या तर नळीचे तोंड किमान दोन सेंटिमीटर हवे. अरुंद नळीत त्या अडकतात, आणि आपण जोर वाढवला की फोडींचा लगदा होतो. खिम्याच्या यंत्राला जोडलेल्या नळीचा दोष हाच. तिच्यातला आटेदार दांडा फोडी रगडत नेतो आणि चरबी चुरडून माखते. म्हणून जे कुटुंब वर्षातून दोनदा चार-पाच किलो चोरीस करते, त्याला नरसाळे पुरेसे आहे. वाडवडिलांनी नरसाळ्यावर भागवले ते केवळ गरिबीमुळे नव्हे. त्या जिनसाला तेच योग्य होते.

खिम्याचे, कोंबडीचे किंवा मटणाचे सॉसेज महिन्यातून एक-दोनदा करणाऱ्याने मात्र उभा सोऱ्या घ्यावा. नळकांड्याच्या एका लिटरमध्ये सुमारे एक किलो मिश्रण बसते, असा ढोबळ हिशेब धरावा. घरासाठी दोन-तीन लिटर पुष्कळ झाले. अर्ध्या भरलेल्या मोठ्या यंत्रापेक्षा दोनदा भरलेले लहान यंत्र बरे. मेंढीच्या आतड्याला दहा-बारा मिलिमीटरची नळी लागते, डुकराच्या आतड्याला अठरा-वीसची. दोन्ही सोबत मिळतात की नाही ते आधी पाहावे.

स्वस्त यंत्र कोठे फसवते? तीन ठिकाणी. पहिले, दंतचक्रे. ती नायलॉनची असली तर घट्ट मिश्रणाखाली दाते झडतात, धातूचीच घ्यावी. दुसरे, दट्ट्यातली हवा सुटण्याची झडप. ती नसली तर दट्ट्याखालची हवा नळीतून आतड्यात शिरते आणि सॉसेजात पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत चरबी खवट होते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, धातू. चोरिसात शिरका आणि मीठ दोन्ही असतात. पितळी सोऱ्याची कल्हई गेली असेल तर आंबट पदार्थ कळकतो हे प्रत्येक गृहिणी जाणते. ॲल्युमिनियमचे तसेच आहे : आम्ल आणि मीठ मिळून त्याला खड्डे पाडतात, आणि त्या खड्ड्यांत मांसाचे कण बसतात. ओतीव लोखंडावरचा कथलाचा मुलामा एकदा उडाला की मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत गंज थांबत नाही. म्हणून नळकांडे, दट्ट्या आणि नळी तिन्ही स्टेनलेस स्टीलची असावीत. चुंबक चिकटत नाही म्हणजे पोलाद उत्तम, ही समजूत अपुरी आहे. हलक्या जातीच्या काही पोलादांनाही चुंबक चिकटत नाही. नळकांड्याच्या आतून बोट फिरवून पाहावे : जोड खरखरीत लागला की ते यंत्र परत ठेवावे. खर्चात काटकसर करायची तर आकारात करावी, धातूत करू नये.

स्वच्छतेबद्दल इतका आग्रह का, असे कोणी विचारील. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता. तो कवीही होता. सॉसेज खाऊन माणसे अर्धांग झाल्यासारखी पडतात आणि मरतात, याचा त्याने अभ्यास करून १८२० आणि १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केले. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोटुलुस' म्हणतात. त्यावरून या विषबाधेला 'बोट्युलिझम' हे नाव पडले. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेली डुकराची मांडी खाल्ली आणि त्यांतले तिघे दगावले. त्यावरून एमिल व्हान एर्मेंगेम याने या विषाचा जंतू शोधून काढला. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि त्याची बीजे साध्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. आतड्यात घट्ट दाबलेले मांस म्हणजे हवा नसलेली जागाच. मीठ, शिरका आणि सुकवणे ही त्याविरुद्धची जुनी शस्त्रे. कित्येक कृतींत सोरा घालतात तोही याचसाठी. पण सोरा अंदाजाने घालण्याची वस्तू नव्हे. जास्त झाला तर तोच विषारी ठरतो. ज्याला तो घालायचा आहे त्याने मोजून तयार केलेले खारवणीचे मीठ आणावे आणि पाकिटावरील प्रमाण तराजूवर तोलावे.

म्हणून भरताना मिश्रण आणि नळकांडे दोन्ही थंड असावीत. नळकांडे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. मिठातले आतडे धुऊन अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावे आणि त्याच्या आतूनही पाणी सोडावे. मिश्रणाचे गोळे आपटून भरावे म्हणजे मध्ये हवा राहत नाही. नळीच्या टोकाशी मिश्रण दिसेपर्यंत मूठ फिरवावी, मगच आतडे चढवावे. फार ताणून भरू नये. दोरा बांधताना फुटते. तळाशी जे थोडे मिश्रण उरते ते टाकू नये, तव्यावर परतून खावे. खिम्याचे ताजे सॉसेज शिजवताना आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस उष्णता पोहोचली पाहिजे. वाळवलेले चोरीसही कच्चे खाण्याची वस्तू नव्हे, आणि पावसाळी हवेत ते टांगून ठेवण्याचे साहस करू नये. फ्रीज हेच त्याचे स्थान.

काम संपताच यंत्र धुवावे. 'उद्या सकाळी' ही तारीख येथे चालत नाही. प्रथम गार पाणी वापरावे, कारण आरंभीच कढत पाणी ओतले तर मांसाचा अंश शिजून धातूला चिकटतो. नंतर गरम पाणी आणि साबण. नळीच्या आतून बाटल्या धुण्याचा ब्रश फिरवावा. दट्ट्याचा वायसर काढून वेगळा धुवावा. घाण लपते ती त्याच्या खाचेत. दंतचक्रांची पेटी पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शेवटी उकळते पाणी ओतून सर्व भाग सुटे करून उन्हात वाळवावे. दंतचक्रांना खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावण्याचा मोह होतो. ते काही महिन्यांत चिकट आणि खवट होते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन थेंबभर पुरे. वायसरला तडा दिसला की तो बदलावा. यंत्र विकत घेतानाच दोन वायसर जादा घ्यावेत. यंत्र वीस वर्षे टिकते, पण त्याचा वायसर विकणारे दुकान तेवढे टिकेलच असे नाही.

शेवटची सूचना काटकसरीची. वर्षातून सहा दिवस लागणारे यंत्र प्रत्येक घरात हवेच कशाला? लग्नकार्याची मोठी पातेली आणि पुरणयंत्रे गिरगावच्या चाळींतून या घरून त्या घरी फिरत आली आहेत. चार घरांनी मिळून एक चांगला सोऱ्या घ्यावा आणि नियम एकच ठेवावा : परत देताना सुटे भाग वेगळे, धुतलेले आणि कोरडे असावेत, आणि घेणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहून घ्यावेत. ज्याला चोरीस विकायचेही आहेत त्याने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी, हे ओघाने आलेच.

वाडीतील घरे कमी होत आहेत, हे आपण सारे पाहतो. पाडलेले घर पुन्हा उभे करणे आपल्या हाती नसेल. पण त्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी चार बायका बसून जे करीत होत्या, ते दुसऱ्या घरात चालू राहू शकते. त्यासाठी कृती सांगणारे माणूस हवे, आणि धुऊन कोरडा ठेवलेला सोऱ्या हवा.