‘दासी’ची ‘देवी’ झाली, पुढे काय?

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’वर आजवर भरपूर लिहिले गेले. २६ ऑगस्ट १९५५ रोजी कोलकात्यात झळकलेल्या आणि १९५६ साली कान महोत्सवात गौरवलेल्या या चित्रपटातली बोळक्या तोंडाची, पाठीतून वाकलेली इंदिर ठाकरून ज्याने पाहिली, तो तिला विसरत नाही. पण ती भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी कोण होत्या, हा प्रश्न किती जणांना पडतो?

याचे उत्तर बंगाली रंगभूमीच्या इतिहासात आहे. १८७३ साली मायकेल मधुसूदन दत्त यांच्या आग्रहावरून बंगाल थिएटरने चार स्त्रियांना रंगमंचावर आणले. चौघीही वेश्यावस्तीतल्या. कारण भद्रलोकांच्या घरातली बाई रंगमंचावर येणे शक्यच नव्हते. विधवांच्या पुनर्विवाहासाठी झगडलेल्या विद्यासागरांनाही हे रुचले नाही. ते नाट्यगृहाच्या समितीतून बाहेर पडले. म्हणजे सुधारणेलाही उंबरठा होता आणि या स्त्रिया त्याच्या बाहेर होत्या! ज्यांना बापाचे नाव नाही, त्यांना आडनाव कुठले? जाहिरातीत त्यांच्या नावापुढे ‘दासी’ लागले. पुढे चित्रपटाच्या काळात ‘दासी’ची ‘देवी’ झाली. बिरुद बदलले, समाजाची नजर बदलली का?

चुनीबाला याच परंपरेतल्या. तरुणपणी रंगभूमी गाजवली. ‘विग्रह’ (१९३०) आणि ‘रिक्ता’ (१९३९) या चित्रपटांत कामे केली आणि मग विस्मरणात गेल्या. राय यांना त्या सापडल्या तेव्हा वय ऐंशीच्या घरात होते आणि मुक्काम कोलकात्याच्या वेश्यावस्तीत. रोजचे वीस रुपये ठरले. पाठांतर जमेल का, हे पाहण्यासाठी राय यांनी एक बालगीत म्हणायला सांगितले; राय यांना येत होत्या त्याहून कितीतरी अधिक ओळी त्यांनी म्हणून दाखवल्या. रंगभूमीने दिलेली ती तालीम होती.

पैशांअभावी चित्रीकरण रखडत गेले. राय यांनी विम्याची पॉलिसी, पत्नीचे दागिने गहाण टाकले. त्या काळात म्हातारी दगावली नाही, हा चमत्कारच, असे राय पुढे म्हणत. तिरडीच्या दृश्यात तर चुनीबाला चित्रीकरण संपल्यावरही निश्चल पडून राहिल्या. सगळे घाबरले. दृश्य संपल्याचे आपल्याला कुणी सांगितलेच नाही, अशी त्यांची तक्रार होती! कामावरची ही निष्ठा कोणत्या कुळातून आली होती?

चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच त्या गेल्या. जगभरची वाहवा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

प्रतिभेला जात-कूळ नसते, असे म्हणणे सोपे आहे. पण तिला मिळणाऱ्या छपराला, मानाला आणि इतिहासातल्या जागेला जात-कूळ असते. ज्या स्त्रियांच्या घामावर बंगालची रंगभूमी उभी राहिली, त्यांना समाजाने टाळ्या दिल्या, पण माणूस म्हणून शेजार दिला नाही. हा हिशोब अजून चुकता व्हायचा आहे.