हमी नवऱ्याची, प्रत बायकोपाशी

डिसेंबरात व्हिसाचं स्टॅम्पिंग करायला म्हणून आलेले कितीतरी जावई इथंच अडकले, ही बातमी आता सगळ्यांना पाठ झाली आहे. 15 डिसेंबर 2025 पासून अमेरिकेनं एच-1बी या नोकरीच्या आणि एच-4 या कुटुंबीयांच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला घेतली आणि मुलाखती मार्चपर्यंत, काहींच्या त्याही पुढं ढकलल्या गेल्या. दुबई-सिंगापूरला जाऊन स्टॅम्पिंग उरकायची वाट सप्टेंबरातच जवळपास बंद झाली होती. चर्चा झाली ती अडकलेल्या इंजिनिअरांची. त्यांच्या पगारावर आणि त्यांच्या जाण्यायेण्यावर जिचा सगळा अर्ज टांगलेला असतो, त्या बायकोबद्दल फारसं कुणी बोललं नाही. म्हणून हा लेख तिच्या बाजूनं.

हा विषय आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. परतवाड्याच्या एका घरात अशाच एका बायकोची फाइल पाहायला मिळाली. मुलीचे वडील वन विभागात होते. त्यांची नेमणूक सेमाडोहला असताना तिचा जन्म झाला, म्हणून नोंद मेळघाटातल्या त्या सिपनाकाठच्या गावात. दाखल्यावर तारीख आहे, आईवडिलांची नावं आहेत, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी नोंद झाली की हे असंच होतं. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं तिसरंच नाव. नवरा अमेरिकेचा नागरिक, पगार भक्कम, तरी तीन कागदांवरची ही तीन वेगवेगळी माणसं नाहीत हे आधी सिद्ध करायचं. अकोला-अमरावतीत उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची 2025 मध्ये चौकशी झाली, तेव्हापासून अशी दुरुस्ती आणखीच जपून होते.

खेड्यात जन्माचा निबंधक ग्रामसेवक आणि महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार विवाहाचा निबंधकही तोच. लग्नानंतर 90 दिवसांत, तीन साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंद करायची असते. हॉलचं भाडं, बँड, आहेराच्या साड्या यांचा हिशेब महिनाभर चालतो आणि नोंदणी मात्र 'पुढच्या सुट्टीत पाहू' म्हणून राहते. पुढची सुट्टी लागेल याची खात्री आता उरली आहे का?

पैशाकडे येऊ. नवरा नागरिक असेल तर पत्नीसाठीच्या अर्जाचं शुल्क ऑनलाइन भरल्यास 625 डॉलर, हमीपत्राच्या छाननीचे 120, व्हिसाचे 325 आणि ग्रीनकार्ड छापून येण्यासाठी 235. बेरीज 1,305 डॉलर, म्हणजे रुपयांत लाखाच्या वर. वैद्यकीय तपासणी, लसी, भाषांतरं आणि मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या. एप्रिल 2025 मध्ये बेलोऱ्याचा विमानतळ सुरू झाला, अमरावतीहून थेट मुंबई गाठता येऊ लागली, हा दिलासा खरा. पण तपासणी आणि मुलाखत एकाच दिवशी होत नाहीत. मुक्कामाचा खर्च धरूनच चालावं.

या सगळ्या कागदांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आय-864, म्हणजे नवऱ्यानं द्यायचं आर्थिक हमीपत्र. घरोघरी तो 'पगाराचा कागद' म्हणून ओळखला जातो आणि सही करून विसरला जातो. त्यात नवऱ्याचं उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या किमान 125 टक्के असल्याचं दाखवावं लागतं. 2025 च्या कोष्टकाप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला ही रक्कम वर्षाला 26,437 डॉलर होती. उत्पन्न कमी पडलं तर नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते. इथं आपल्याकडचे वडीलधारे पुढं सरसावतात: आमची बारा एकर ओलिताची आहे, आम्ही होतो स्पॉन्सर. ते चालत नाही. दुसरा हमीदार अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच लागतो. मुलीच्या स्वतःच्या नावावर असलेली मालमत्ता चालू शकते, पण ती वर्षभरात विकून पैसे करता यायला हवेत. सामाईक सातबाऱ्यावरच्या हिश्श्याचं तसं होणं कठीण.

खरी गोष्ट यापुढची आहे. 1996 च्या कायद्यानं हे हमीपत्र कोर्टात बजावता येणारा करार करून ठेवलं. सही करणारा नवरा पत्नीला त्या 125 टक्क्यांच्या पातळीपर्यंत आधार द्यायला बांधील होतो आणि त्यानं तो दिला नाही, तर ती त्याच्यावर दावा लावू शकते. घटस्फोटानं ही जबाबदारी संपत नाही. ती संपते पत्नी अमेरिकेची नागरिक झाली, तिच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांचं काम जमा झालं, ती ग्रीनकार्ड सोडून कायमची परतली किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर. 2012 मध्ये 'लियू विरुद्ध मंड' या खटल्यात नवऱ्याच्या बाजूनं युक्तिवाद झाला की घटस्फोटित बायकोनं आधी नोकरी शोधावी, मगच पैसे मागावेत. न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी तो फेटाळला. कायद्यात तशी अट नाही, असं त्यांच्या निकालाचं सार. ती बाई चिनी होती, पण अकोटची किंवा दर्यापूरची मुलगी त्याच कायद्याखाली येते. आपल्याकडे सोयरीक ठरवताना मुलाचं पॅकेज विचारतात. त्यानं ज्यावर सही केली, तो करार वाचायला कुणी मागत नाही.

मात्र हे संरक्षण फक्त ग्रीनकार्डच्या वाटेवर आहे. वऱ्हाडातून नव्यानं जाणाऱ्या बऱ्याच मुली एच-4 वर जातात आणि तिथं आय-864 लागतच नाही. नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र एवढ्यावर भागतं. काम सोपं होतं, पण तिच्या पाठीशी कुठलाच करार उभा राहत नाही. घटस्फोट झाला की तिचा दर्जा संपतो. नवऱ्याची नोकरी गेली की दोघांच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस. 2015 पासून काही एच-4 पत्नींना काम करता येतं, पण नवऱ्याचा ग्रीनकार्डचा अर्ज ठरावीक टप्पा ओलांडून गेला असेल तरच. आणि ती रांग अशी की एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळं भारतीयांच्या एका मोठ्या वर्गात आत्ता कुठं 2013-14 चे अर्ज हलताहेत.

प्रवासाचं गणित याच पैशाशी बांधलेलं आहे. नवरा इथं तीन महिने अडकला आणि कंपनीनं पगार थांबवला, तर स्लिपांची साखळी तुटते आणि बायकोची फाइल लंगडी पडते. नागरिक असलेला नवराही बायकोसोबत राहायला म्हणून वर्षभर अकोल्यात थांबला, तर आपण अमेरिकेत राहायला जाणार आहोत हे त्याला भाडेकरार, बँकखातं, नोकरीचं पत्र अशा कागदांनी पटवावं लागतं. बायकोनं मधल्या काळात पर्यटक व्हिसावर भेटायला जाणं बेकायदा नाही, पण अर्जातच विचारतात की तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का. हो लिहिलं तर नकाराची शक्यता मोठी. नाही लिहिलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका आयुष्यभर पाठ सोडत नाही. नकार परवडतो, हा ठपका परवडत नाही.

अमेरिकेत राहून ग्रीनकार्डचा अर्ज केलेल्यांनी ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. एच-1बी आणि एच-4 वाल्यांना यातून सूट आहे, पण परत शिरायला चालू व्हिसा लागतो आणि अडकलंय ते नेमकं तेच. आजारी आईला भेटायला परतवाड्याला यावं की नाही, हा प्रश्न आज अनेक घरांत वकिलाला विचारून सोडवला जातो. व्हिसा मिळाल्यावरही मुदत साधारण सहा महिन्यांची, वैद्यकीय तपासणीला बांधलेली. तेवढ्यात पोचावंच लागतं. पोचताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्डही दोन वर्षांचंच मिळतं आणि ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत पुन्हा अर्ज.

सगळीकडे असंच आहे असं नाही. ब्रिटननं जोडीदार आणण्यासाठीची उत्पन्नाची अट एप्रिल 2024 मध्ये 18,600 पौंडांवरून थेट 29,000 वर नेली. कमी पगाराच्या माणसानं बायकोसोबत राहू नये, असाच त्याचा परिणाम होतो आणि तो मला अन्यायाचा वाटतो. कॅनडात जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. तीन वर्षांच्या पालनपोषणाची हमी घेतात. संसाराची किंमत पगारावरून न ठरवताही देश चालतो, याचा हा पुरावा.

आपल्या बाजूनं काय? अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक 2019 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये 287 व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. तो येईपर्यंत मुलींना वाट पाहायला लावणं बरोबर नाही. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी परदेशी जाणाऱ्या नववधूंसाठी मराठीत मार्गदर्शन सुरू करावं. गावोगावच्या ग्रामसेवकांनी लग्न लागल्याबरोबर नोंदणीचा आग्रह धरावा. आणि आईवडिलांनी तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी मुलीच्या स्वतःच्या ताब्यात द्याव्यात: सगळ्या कागदांवर सारखं असलेलं तिचं नाव, नवऱ्यानं सही केलेल्या हमीपत्राची पूर्ण प्रत आणि परतीच्या तिकिटापुरते तिच्या खात्यावरचे पैसे. जावई चांगला असेल तर त्याला याचा राग येणार नाही. आला, तर तो तिकीट काढण्याआधी कळलेला बरा.