आपत्तीच्या प्रसंगी नेतृत्व कसे असावे?

आपत्ती कोसळली की मदतीला धावणाऱ्या हातांची आपल्याकडे वानवा नसते. परंतु त्या हातांना दिशा देणारे कोणी नसेल, तर सद्भावनाही गोंधळात भर घालते.

१९७० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वणव्यांनी १३ दिवसांत १६ बळी घेतले व ७०० हून अधिक इमारती भस्मसात केल्या. चौकशीअंती आढळले, की साधनांच्या तुटवड्यापेक्षा समन्वयाचा अभावच अधिक नडला. प्रत्येक दलाची परिभाषा वेगळी, वरिष्ठही वेगळे. या अनुभवातून घटना-नियंत्रणाची एक शिस्तबद्ध पद्धती जन्मास आली. भारतातही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये अशा पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीनुसार जिल्ह्यातील प्रमुख जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

अशा नेत्याच्या अंगी कोणते गुण हवेत? पहिला गुण म्हणजे प्राधान्यक्रमाचे भान. आधी माणसांचे प्राण, मग संकटास आवर, त्यानंतर मालमत्ता. दुसरा गुण कामाच्या वाटणीचा. एका व्यक्तीने तीन ते सात जणांवरच देखरेख ठेवावी. पाच ही संख्या उत्तम मानली जाते. प्रत्येकास आज्ञा देणारा वरिष्ठही एकच असावा. तिसरा गुण सुबोध भाषेचा. सांकेतिक शब्द टाळून सूचना साध्या शब्दांत द्यावी आणि ऐकणाऱ्याकडून ती पुन्हा वदवून घ्यावी. चौथा, मदत करणाऱ्यांच्या जिवाची काळजी. म्हणूनच या रचनेत सुरक्षा अधिकाऱ्यास धोकादायक काम तत्काळ थांबवण्याचा अधिकार असतो. पाचवा गुण सर्वांत अवघड, तो म्हणजे नम्रता. अधिक जाणकार व्यक्ती आली की परिस्थितीची पूर्ण माहिती देऊन सूत्रे तिच्या हाती सोपवावीत.

ऑगस्ट २०१८ च्या केरळमधील महापुरात मच्छीमार बांधव ट्रकवर होड्या लादून मदतीस धावले. त्यांना पाण्याची जाण होती. बुडालेल्या गल्लीबोळांची माहिती स्थानिकांना होती. या दोहोंची सांगड घालणे, हेच नेतृत्व होय.

उद्या आपल्या धर्मग्रामातील सभागृहात पूरग्रस्तांना आसरा द्यावा लागला, तर चाव्या कोणाकडे असतील? नावे कोण नोंदवील? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कोण आणील? या प्रश्नांची उत्तरे पावसाळ्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवली पाहिजेत. भर पुरात ती शोधण्यास उसंत मिळत नाही.