मिरचीने हात भाजतात तेव्हा

खोडाळा परिसरातल्या पाड्यांवर काय किंवा शहरात काय, मिरच्यांचे देठ खुडणे, वाटणे, कांडणे हे काम बहुधा उघड्या हातांनीच होते. मग हातांची आग होते. पाण्याने क्षणभर बरे वाटते. चुलीशी बसले की पुन्हा भडका.

मिरचीतले कॅप्सेसिन खरे तर कातडी भाजत नाही. मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते, ते साधारण ४३ अंशांच्या पुढे जागे होते. कॅप्सेसिन त्यालाच चेतवते, म्हणून कोमट पाणीही चटका देते. हे प्रथिन शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे सहमानकरी ठरले.

कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी खाण्याचे तेल हातांना, नखांच्या कडांना चोळावे, फडक्याने पुसावे आणि मग साबण लावून गार पाण्याने धुवावे. गरज पडल्यास पुन्हा तेच करावे. गरम पाणी, चुना, टूथपेस्ट नको. पुढच्या वेळी हातमोजे घालावेत. नसतील तर हाताला स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधावी.

खरी जपणूक लहान बाळांची. मिरचीचा हात नीट धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये, अंगावर पाजू नये. डोळ्यात तिखट गेले तर चोळू नये, तेल घालू नये. पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. तरीही डोळा दुखत राहिला, हाताला फोड आले किंवा धाप लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.